‘ओके’चं जन्मगाव

प्रेमानंद सरांचा दावा साधा होता.

"कोनताही इंग्रजी शब्द आना, मी त्याचा जन्मदाखला काढून देतो! मायचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, सगळ्यासकट!"

हे वाक्य ते कवठफाट्याच्या स्टँडवर, गोकुळच्या हॉटेलात, रोज सकाळी सव्वाआठ वाजता, चहाच्या पहिल्या घोटानंतर म्हणत. एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेल्या माणसाला आडवं कोण जाणार? बरं, सर नुसते बोलत नसत, पुरावा देत. बस हा शब्द लॅटिनमधून आला, त्याचा अर्थ ‘सगळ्यांसाठी’, हे त्यांनी वरवट बकालच्या गाडीत उभं राहून कंडक्टरला सांगितलं होतं. कंडक्टर म्हणाला, "सगळ्यायसाठी हाय ना, मंग मागं सरका!" बंगला, जंगल, पायजमा, शाम्पू हे शब्द आपल्याकडून साहेबाकडे गेले, हे तर गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. एकदा गोकुळ दंड फुगवून दाखवत होता, तेव्हा सर म्हणाले, "मसल म्हंजे मुळात लहान उंदीर!" तेव्हापासून गोकुळने बाहीचा शर्ट घालायला सुरुवात केली.

घरी मात्र या विद्येची कदर नव्हती. विंडो म्हणजे ‘वाऱ्याचा डोळा’, असं सरांनी कौतुकाने सांगितलं, तर सुचिताबाई म्हणाल्या, "थो वाऱ्याचा डोळा आंदी बंद करा. डास येऊन राह्यले!"

सरांचं सगळं ज्ञान एका दोन खंडी डिक्शनरीतून यायचं. तिच्यात शब्दांचे अर्थ कमी आणि खानदान जास्त. पण दुसरा खंड सुचिताबाईंनी लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवला होता. चांगली दोन वर्षं! तेल पिऊन त्याची सुरुवातीची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की ‘ओ’पासून सुरू होणारा एकही शब्द सरांच्या हाती लागत नव्हता. ही गोष्ट सरांनी कोणालाच सांगितली नव्हती. कशाला सांगतील?

आणि नेमकं तिथेच भगवंतरावांनी बोट ठेवलं.

भगवंतराव म्हणजे रिटायर हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्याच्या अर्जात चूक काढण्याची सवय. आता अर्ज राहिले नव्हते, माणसं राहिली होती. त्या सोमवारी त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, "काहो सर, दिवसभर आपन ओके ओके करून राह्यलो. हा ‘ओके’ आला कुठून?"

गोकुळचा झारा कढईवर थांबला, आलूबोंडे तेलात एकटेच फुगू लागले.

आता खरं म्हणजे सरांनी दोन शब्द म्हणायला हवे होते: ‘मालूम नाही’. पण एकतीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडातून एकदाही गेले नव्हते, रस्ताच माहीत नव्हता! सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला जुना दगडी रोलर पडलेला होता. रोलरला टेकून चांगुणाबाई वांगी विकत बसली होती. ऐंशी पार केलेली बाई, तिच्या वस्तीत तिच्याएवढं जुनं माणूस दुसरं उरलं नव्हतं. हा रोलर आपला आजा जानराव बैलांनी ओढायचा, इंग्रजाच्या रस्त्यावर, असं ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची.

बस्स! सरांच्या डोक्यात गाडी सुटली.

"कुठून आला म्हंता? इथून आला!" सरांनी रोलरकडे बोट केलं. "ह्या रस्त्याचं काम चालू होतं. साहेब घोड्यावर बसून पाहाले ये. चांगुणाबाईचा आजा जानराव रोलर चालवे. एक पट्टा पक्का झाला का बैल थांबवाले थो जोरात हाक देये, ‘ओऽऽ के!’ साहेबाले समजलं, ओके म्हंजे काम चोख झालं. त्यानं रिपोर्टात लिहिलं. रिपोर्ट गेला लंडनले. मंग काय, पूर्‍या दुनियेत झालं!"

सर स्वतःच थक्क झाले. इतकी सुंदर थाप! मध्ये कुठे सांधा दिसत नव्हता.

"बाप्पा!" गोकुळ म्हणाला. बोंडे जळाले.

भगवंतराव भुवई वर करून चांगुणाबाईकडे वळले. "काओ चांगुणाबाई, असं होतं काय?"

चांगुणाबाईने वांग्यावरची धूळ पदराने पुसली. सरांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सर म्हंतात तं असन. सर शिकेल मानूस हायेत."

झालं! सरांना वाटलं, प्रकरण इथे संपलं. पण खेड्यात प्रकरण कधी हॉटेलात संपतं का हो? ते तिथून फक्त निघतं.

दुपारी ते ग्रामपंचायतीत पोचलं. सरपंच जयमालाताई बरेच दिवस अशाच कशाच्या तरी शोधात होत्या. "हिवऱ्याले आश्रम हाय," त्या म्हणायच्या, "शेगावले कचोरी हाय. कोनी इचारलं, कवठफाट्याले काय हाय, तं सांगाव काय? गतिरोधक?" ओकेची बातमी ऐकताच त्या खुर्चीतून उठल्याच. "म्हंजे आख्ख्या जगाचा शब्द आपल्या गावचा! अन् आपन झोपून राह्यलो!"

बुधवारी ग्रामसभा बसली. विषय क्रमांक एक: ‘ओके’ या जागतिक शब्दाचे जन्मगाव म्हणून गावास घोषित करणे. सरांना पुढच्या रांगेत बसवलं. ते ‘अजून संशोधन चालू हाय, घाई नको’ असं पुटपुटले, तर जयमालाताई माइकवर म्हणाल्या, "पाहा, मोठ्या मानसाची नम्रता!" टाळ्या!

भगवंतराव मात्र उभे राहिले. "एक शंका. ओके हा शब्द पावनेदोनशे वर्षांहून जुना हाय, असं माह्या नातवानं मोबाइलवर पाह्यलं. जानराव तं चांगुणाबाईचा आजा. हिशेब कसा बसन?"

सरांच्या पाठीवरून घाम निघाला तो थेट खुर्चीत पोचला. पण तोंड थांबेल तर ते सर कसले! "आजा नाही, पणजा! माह्या बोलन्यात चुकून आजा आला."

"तरी नाही बसत."

"मंग खापरपणजा! त्याचंही नाव जानरावच. पयले तेच नाव पिढ्यान्पिढ्या ठेवत."

एका मिनिटात जानराव दोन पिढ्या वर चढला. सगळी सभा चांगुणाबाईकडे पाहू लागली. ती म्हणाली, "सर म्हंतात तं असन."

ठराव मंजूर! सूचक म्हणून सरांची सही घेतली. सरांनी पेन उलटं धरून पाहिलं, शाई नाही म्हणून पाहिलं. शेवटी जयमालाताईंनी आपलं पेन दिलं आणि हात धरावा तशा शेजारी उभ्या राहिल्या.

चार दिवस कसेबसे काढून सरांनी घरी दुसरा खंड बरणीवरून उचलला आणि ‘ओ’ची पानं सोडवायला घेतली. आधी नखाने, मग सुरीने, मग सुचिताबाईंच्या नजरेआड इस्त्रीने. इस्त्री लागताच घरभर लिंबाच्या लोणच्याचा खमंग वास सुटला आणि पानं पापडासारखी तुकड्या तुकड्यांनी निघाली.

"काय करून राह्यले?" सुचिताबाई दारात उभ्या.

सरांनी सगळं सांगून टाकलं. बायकोपुढे थाप टिकत नाही, हा एकतीस वर्षांचा अनुभव.

सुचिताबाई हसल्या नाहीत, हीच धोक्याची खूण. "अवो, त्या चांगुणाबाईचा कोनी इचार केला काय? अख्खी जिंदगी त्या बाईले कोनी ‘बस’ म्हटलं नाही. आता लोक तिच्या पाया पडून राह्यले. तुम्ही आता खोटं होतं म्हंसान तं त्या बाईचं काय होईन?"

खरंच होतं! कालच अकोटहून तिचे भाचे, जे आठ वर्षांत फिरकले नव्हते, साडी घेऊन आले होते. पंचायतीने तिच्या दारापर्यंत फरशा बसवायला घेतल्या होत्या. पावसाळ्यात ज्या गल्लीत चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, तिथे लाल-पिवळ्या फरशा! वांगी तर नऊ वाजताच संपायची. ‘ओकेवाल्या बाईची वांगी’ म्हणून लोक गाडी थांबवून घ्यायचे.

तरी सर माणूस म्हणून वाईट नव्हते हो! तीनदा ते चांगुणाबाईकडे खरं सांगायला गेले. पहिल्यांदा तिने चहा केला. दुसऱ्यांदा तिने कारण नसताना त्यांना नवी साडी दाखवली. तिसऱ्यांदा सर निश्चय करून गेले, उभ्या उभ्याच म्हणाले, "चांगुणाबाई, तुमच्या आज्याबद्दल एक गोष्ट सांगाची हाय."

तिने हात धरून खाली बसवलं. "सांगा ना सर. मले बी सांगाची हाय एक."

"आंदी तुमी सांगा."

"नाही, आंदी तुमी."

शेवटी सर म्हणाले, "वांगी चांगली होती," आणि ती म्हणाली, "अजून घेऊन जा." सर दोन किलो वांगी घेऊन घरी आले. सुचिताबाईंनी आठवडाभर भरीत केलं, तेही न बोलता.

आणि मग शेवटचा फटका बसला. स्टँडवर लागणाऱ्या ‘ओकेचे जन्मगाव’ या फलकाचं उद्घाटन करायला पाहुण्या म्हणून जयमालाताईंनी बुलढाण्याहून प्राध्यापिका हिमानी मॅडमना बोलावलं. इंग्रजीच्या डॉक्टर! आणि ही हिमानी म्हणजे कोण? सरांचीच विद्यार्थिनी! नववी ब, दुसरा बाक. शब्दांच्या गोष्टी ऐकून ऐकून जिने इंग्रजी घेतलं, ती.

तिचा फोन आला. "सर, मी खरं तर असल्या कार्यक्रमांना जात नाही. पण तुमचं संशोधन म्हटल्यावर नाही कशी म्हणू? मी वर्गात आजही तुमचं नाव घेऊन शिकवते."

सर "हो हो" म्हणाले आणि फोन ठेवून तिथेच बसून राहिले. गावाला फसवलं, भगवंतरावांना फसवलं, एकवेळ चालेल. पण या पोरीने आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवून आयुष्य उभं केलं होतं! तिला आता कळणार की सर फेकतात. मग तिला ‘बस’ खरी वाटेल का? उंदीर खरा वाटेल का? सरांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि ती नुसती वाटली नाही, कानापर्यंत चढली.

रविवारी स्टँडवर मांडव पडला. फलक झाकलेला होता, पण शेजारी आठ फुटी फ्लेक्स मात्र उघडाच. त्यावर हात जोडलेले प्रेमानंद सर, खाली ‘थोर शब्दसंशोधक’. जानरावचा फोटो कुठून मिळणार? फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या मनाने पिळदार मिशांचा, फेटा बांधलेला, गालात लाली असलेला कोणीतरी गडी टाकला होता. चांगुणाबाई त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत होती.

"कोन व्हय हा?" तिने गोकुळला विचारलं.

"तुमचा खापरपणजा!"

"असन बापा," ती म्हणाली.

सत्कार सुरू झाले. गावात सत्काराची एक रीत आहे: ज्याचं नाव राहील तो पुढल्या निवडणुकीपर्यंत बोलत नाही. त्यामुळे बावीस शाली झाल्या, बावीस नारळ झाले. रोलरलाही हार घातला. सर शालीच्या आत वितळत होते.

शेवटी हिमानी मॅडम उठल्या. त्यांनी आधी सरांना वाकून नमस्कार केला. मग माइक हातात घेतला.

"ओके या शब्दाच्या जन्माबद्दल जगात खूप दावे आहेत," त्या अडखळत म्हणाल्या. "कोणी म्हणतं ग्रीक, कोणी म्हणतं अमेरिकेतल्या आदिवासींचा. पण आता अभ्यासक बहुतेक एका गोष्टीवर आले आहेत. अठराशे एकोणचाळीस साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने तो गंमत म्हणून छापला. वाचकांना आवडला, तो पुढे चालला, आणि टिकला. आता सरांनी... म्हणजे सरांकडे काही वेगळे पुरावे असतील. सर?"

आणि तिने सरांकडे पाहिलं. तेच नववी ब, दुसरा बाक, तसेच डोळे! उत्तर मिळणारच, अशी खात्री असलेले.

सर उठले. एक शाल घसरली, दुसरी घसरली. माइकने कर्कश शीळ घातली.

"पुरावा नाही," सर म्हणाले. "म्या... म्या फेकलं."

सभेला वाटलं, काहीतरी इंग्रजी असेल.

"फेकलं! थापा मारल्या! मले ओके कुठून आला हे मालूम नव्हतं. माह्या डिक्शनरीची पानं लोनच्यात चिकटली. मालूम नाही म्हनाची लाज वाटली म्हून समोर रोलर दिसला तं रोलर घातला, चांगुणाबाई दिसल्या तं त्यायचा आजा घातला. हिमानी, बेटा, बाकीचे शब्द मात्र खरे हायेत. बस खरी हाय. उंदीर खरा हाय!"

गतिरोधकावरून गेलेली एक ट्रॉली तेवढी खडखडली. भगवंतराव, ज्यांनी या क्षणासाठी पंधरा दिवस काढले होते, त्यांनाही काय बोलावं सुचेना. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. नवी साडी नेसून, पहिल्या खुर्चीवर बसलेल्या चांगुणाबाईकडे.

सर खाली उतरले आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "चांगुणाबाई, तुमाले मान म्या दिला अन् म्याच काढला. माफ करजा."

चांगुणाबाईने त्यांचे हात खाली केले. मग माइककडे बोट दाखवलं. गोकुळने तो आणून दिला. तिने तो गालापाशी धरला.

"मले पयल्याच दिवशी मालूम होतं, सर."

"काय मालूम होतं?"

"का तुमी फेकून राह्यले. अवो, माहा आजा जानराव काय हाक देईन? थो जलमाचा मुका होता!"

मांडवातली एक खुर्ची कोणाच्या तरी खालून निसटली.

"मुका?" जयमालाताई किंचाळल्या.

"मुका! बैलाले थांबवाचं तं शेपटी धरे."

"मंग इतके दिवस काऊन नाही बोलल्या?" सर कसेबसे म्हणाले.

"कसं बोलू? येवढ्या मोठ्या मानसानं चारचौघांत सांगतलं. म्या नाही म्हटलं असतं तं तुमचं तोंड कुठी राह्यलं असतं? तुमी माह्या नातीले फी न घेता शिकोलं. म्हटलं जाऊ द्या, सराची इज्जत राहू द्या." तिने माइक या हातातून त्या हातात घेतला. "दोनदा सांगाले पाह्यलं. पन फरशा अर्ध्या गल्लीतच होत्या."

हिमानी मॅडम आधी तोंडावर पदर धरून हसत होत्या, मग त्यांना ते आवरेना; त्या सरळ रोलरला टेकून हसल्या. मग गोकुळ, मग मांडव, मग स्वतः सर. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यातलं किती हसण्याचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हिमानीने येऊन त्यांची शाल नीट केली. "सर, एकतीस वर्षांत एकच शब्द चुकला. वर्गात हेही सांगीन."

"हे नोको सांगू," सर म्हणाले.

"पन मंग त्या अमेरिकेच्या पेपरवाल्यानं काय केलं?" भगवंतरावांना शेवटी वाचा फुटली. "त्यानं बी गंमतच छापली, अन् लोकायनं खरी धरली! म्हंजे तिथं बी एखादे प्रेमानंद सर असतीनच!"

आता फलक काढून टाकायला काय हरकत होती? सर तर त्याच संध्याकाळी शिडी घेऊन गेले होते. पण जयमालाताईंनी अडवलं. ग्रामसभेचा ठराव ग्रामसभाच रद्द करू शकते, मनात आलं म्हणून नाही! तेव्हापासून तीनदा ग्रामसभा बोलावली. तीनदा कोरम भरला नाही, तीनदा तहकूब. ज्या सभेत शाल मिळत नाही त्या सभेला कोण येतं?

त्यामुळे फलक अजून उभा आहे. लोक गाडी थांबवून त्याच्याशी फोटो काढतात आणि जाताना वांगी नेतात. फ्लेक्सवरचे सर उन्हाने पिवळे पडले आहेत, पण हात जोडलेलेच आहेत. आणि पंचायतीच्या दप्तरात, शिक्क्यानिशी, जगातला सर्वात जास्त बोलला जाणारा शब्द एका जन्माच्या मुक्या माणसाच्या तोंडून निघालेला आहे. खाली सूचक म्हणून सही आहे. वळणदार इंग्रजीत.